देवाच्या तांदळाचा मसालेभात

रायपूर बघायला म्हणून सहसा कोणी जात नाही. बदली झाली तर जातात, मुलगी तिकडे दिली असेल तर जातात. मीही बघायला गेलो नव्हतो, माणूस आणायला गेलो होतो. तेव्हा किल्ले, लेणी, धबधबे वाचायला मिळतील अशा आशेने कोणी बसलं असेल, तर त्यांनी इथेच उठावं. माझ्याकडे सांगायला माझी थोरली बहीण आहे, तिची गल्ली आहे आणि तांदूळ आहेत. तांदूळ मात्र भरपूर आहेत.

सुमनताई लग्न होऊन रायपूरला गेली तेव्हा मी शाळेत होतो. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, आजोबांपासूनचे. दाजी नागपूरकडच्या ख्रिस्ती घरातले, रायपूरच्या एका शाळेत मास्तर होते. मूलबाळ झालं नाही. दाजी गेले, आणि मग काचबिंदूने ताईची नजर नेली. अगदी सगळी नाही. समोर कोणी उभं आहे एवढं तिला दिसतं, कोण ते आवाजावरून कळतं. यंदा दिवाळीनंतर ती स्वयंपाकघरात घसरून पडली. हे तिने मला फोनवर सांगितलं नाही. शेजारच्या काशीकर वहिनींनी सांगितलं.

मी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला. मागची खोली रंगवून घेतली, न्हाणीघरात नवी चकचकीत फरशी घातली आणि भिंतीला धरायला स्टीलचा जाडजूड कठडा बसवून घेतला. गवंडी म्हणाला, "काका, म्हैस बांधायची का याला?" मी म्हटलं, बहीण यायची आहे, तू गुमान बसव. जातानाचं तिकीट एकाचं काढलं, परतीचं दोघांचं. माझी बायको मंगल गेल्यापासून घरात खोल्या जास्त आणि माणूस एक अशी स्थिती आहे, तेव्हा जागेचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न ताईचा होता. ती फोनवर, सासरच्या नागपुरी वळणाने, एवढंच म्हणाली, "तू ये तं खरं. येशूले विचारून सांगते."

बूढापारा

पुण्याहून हावड्याला जाणारी गाडी नगरला थांबते आणि रायपूरलाही थांबते, ही आमच्या कुटुंबावर रेल्वेने केलेली मोठीच कृपा आहे. मधल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. झोपलो, उठलो, विदर्भ संपला होता.

फलाटावर ताई काशीकर वहिनींचा हात धरून उभी होती. मी हाक मारली तशी तिने माझा चेहरा चाचपला, "वाळला रे तू," म्हणाली, आणि तिथेच, हमालांच्या गर्दीत, डोळे मिटून उभी राहिली. "प्रभू, विजूले सुखरूप आणलं, तुझे उपकार. आता त्याची ही जड बॅग रिक्षात मावू दे. आमेन." वहिनी अगदी सवयीने थांबून राहिल्या होत्या. मीच इकडेतिकडे बघत होतो, कोणी ओळखीचं तर नाही ना म्हणून. रायपुरात माझ्या ओळखीचं कोण असणार?

बॅग मावली. मी म्हटलं, "ताई, रिक्षा मोठी आहे." ती म्हणाली, "हव, तेच तं मागितलं होतं."

ताईचं घर बूढापाऱ्यात, तलावापासून जवळ. गल्ली अशी की समोरून स्कूटर आली तर आपण कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं आणि त्या घरातल्या माणसाने आपल्याला चहा विचारायचा. काशीकरांचं घराणं मराठ्यांच्या अमलापासून इथलं. त्यांच्याकडे देव्हाऱ्यात गणपती, ताईकडे भिंतीवर क्रूस, आणि मध्ये एकच भिंत. वहिनींचं मराठी ऐकून नागपूरचा माणूसही सुखावेल. त्यांची नातवंडं मात्र मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात.

पहिल्याच सकाळी ताईने चीला केला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं. संध्याकाळी फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या, वरून मोहरी-तिळाची फोडणी. जेवायला भात. मी भाकरीचा माणूस. दुसऱ्या दिवशी मी हळूच विचारलं, ज्वारी मिळते का इकडे? ताई म्हणाली, "मिळते न. आजारी पडला का तू?"

पण खरी कसोटी जेवणाची नव्हती, जेवणाआधीच्या प्रार्थनेची होती. आमच्याकडे नगरला जेवणाआधी दोन ओळींत आभार मानतात आणि ताटाकडे वळतात. ताई बसते ती बसतेच. वरण निवत असतं आणि ती देवाला सांगत असते की वहिनींचा नळ गळून राहिला आहे, चर्चच्या पाळकसाहेबांचा खोकला जात नाही, कुकरची शिट्टी आज अडकली होती, उद्या नीट वाजू दे. मी एक डोळा किलकिला करून पापडाकडे बघत होतो, तेवढ्यात कानावर आलं, "अन् विजूच्या न्हाणीघरात नवी फरशी आहे. त्याचा पाय सटकू नको देऊ, बापा. धरून ठेव त्याले."

आमेन झाल्यावर मी म्हटलं, "अगं, फरशी तुझ्यासाठी घातली. माझा पाय कशाला सटकतो?"

"चकचकीत आहे म्हणून तूच सांगून राहिला होता न?"

"म्हणून देवाला सांगायचं? त्याला माझ्या न्हाणीघराचा पत्ता तरी ठाऊक आहे का? जगात लढाया चालल्यात, माणसं मरतात, त्याला काय थोडे व्याप आहेत?"

"मोठं तं तो पाहतेच," ताई भात वाढत म्हणाली. "लहान त्याले कोण सांगन?"

"डोक्यावरचे केससुद्धा त्याने मोजलेत म्हणतात," मी टोमणा मारला.

"मग? तुझे मोजाले किती वेळ लागते?" असं म्हणून तिने माझ्या टकलावर वरणाच्या डावाने मारल्यासारखं केलं. दिसत नसूनही नेम बरोबर होता.

"बरं, माझ्याबरोबर येण्याचं विचारलंस का?"

"विचारून राहिली."

"मग काय म्हणाला?"

"जेव तू."

दुपारी काशीकर वहिनी येतात. चष्मा लावून, पदर खोचून, ताईचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन बसतात. ताईला आता अक्षर दिसत नाही, म्हणून रोज एक अध्याय वहिनी वाचून दाखवतात. कोणी सांगितलं नव्हतं. ताई एकदा म्हणाली की वाचता येत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनी येऊ लागल्या. इस्राएलाच्या राजांची नावं आली की अडखळतात. "ताई, हे नाव मी नाई वाचत, जीभ वळत नाई माझी. पुढं जाऊ काय?" ताई म्हणते, "जा पुढं. देवाले माहीत आहे तो कोण आहे." आणि दोघी पुढे जातात.

मला हे सगळं आवडत होतं आणि त्रासही देत होतं. आवडत होतं ते उघड आहे. त्रास याचा की परतीचा दिवस जवळ येत होता आणि ताईची बॅग माळ्यावरच होती.

गोल बाजार

तिला थोडं बाहेर काढावं, नगरसाठी काही खरेदी केली की मनही तिकडे वळेल, अशा हिशेबाने मी तिला गोल बाजारात नेलं. कापड, भांडी, बांगड्या, पूजेचं सामान, लग्नाचं सामान, सगळं एकाला एक चिकटून. ताई माझ्या दंडाला धरून चालत होती आणि वास घेऊन दुकानं सांगत होती. "हा मसालेवाला. आता डावीकडं भांडेवाले." भांड्यांना वास कुठला, म्हटल्यावर म्हणाली, "वास नाई रे, पोट्टे ठोकून राहिले न ताटं."

मी तिच्यासाठी एक शाल घेतली. नगरला थंडी जास्त असते हे मी तीनदा तरी बोललो. ती शाल गालाला लावून बघत राहिली.

परत निघताना कळलं की घराची किल्ली नाही. पिशवी उपसली, दुकानात परत गेलो, कापडवाल्या भैयाने बिचाऱ्याने दहा तागे हलवले. मी वैतागलो होतो. एवढ्या गर्दीत, एवढ्या धुळीत, किल्ली काय सापडणार? ताईने भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून डोळे मिटले. मला माहीत होतं ती काय करते आहे, आणि मला त्याचा संतापच आला. तोंड फिरवून मी घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, आणि किल्ली हाताला लागली. निघताना कुलूप मीच लावलं होतं.

"सापडली," मी म्हटलं.

"कुठं?"

"माझ्या खिशात होती. देवाने नाही शोधली."

"नाई शोधली," ताई उठत म्हणाली. "पण तुले खिशात हात घालाले लावला न!"

भांडेवाला हसला. मीही हसलो, पण मनातून नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तलावावर जाऊन बसलो. गरम शेंगांची पुडी दोघांत होती. पोरंटोरं, म्हातारे, फुगेवाले, सगळा गाव तिथे उतरला होता. ताई म्हणाली, "काहून चूप आहे तू?" आणि मी जे दोन वर्षं कोणाशी बोललो नव्हतो ते शेंगा सोलता सोलता बोलून गेलो.

"ताई, मंगल आजारी होती तेव्हा मी मागितलं होतं. रोज गुडघे टेकले. चर्चच्या मंडळीने उपास केले, पाळक घरी येत होते. मला दुसरं काही नको होतं, ती एक गोष्ट हवी होती. ती त्याने नाही दिली. आणि तू त्याच्याकडे कुकरची शिट्टी मागतेस, किल्ली मागतेस. मला नाही जमत. ज्याने मोठं दिलं नाही त्याच्याकडे बारकंसारकं मागायला मला लाज वाटते. नाही, राग येतो."

मला वाटलं ती काहीतरी वचन ऐकवील. तिने ऐकवलं नाही. ती पुडीच्या कागदाचा कोपरा दुमडत-उलगडत होती.

"मले बी नाई समजलं ते," ती म्हणाली. "तुझ्या दाजीसाठी मी काय कमी मागितलं? नाई दिलं त्यानं. लय रागावली मी. प्रार्थनेले बसू अन् तोंड उघडू नाई. पण विजू, घरातल्या माणसावर रागावलो तरी मीठ दे, दार लाव, एवढं तं बोलतोच न आपण? तसं सुरू केलं मी. लहान लहान. मोठं बोलाची हिंमतच नव्हती. मग सवय पडली."

मी तिच्याकडे बघितलं. इतके दिवस मला वाटत होतं की तिला सगळं सोपं जातं. तिने उरलेल्या शेंगा माझ्या हातावर ओतल्या.

बीरगाव

शनिवारी सकाळी ताई वहिनींचा हात धरून बायकांच्या प्रार्थनासभेला गेली आणि मी ठरवलं की आज आपण स्वयंपाक करायचा. मंगल गेल्यावर मी स्वयंपाक शिकलो आणि तिचा मसालेभात मला बऱ्यापैकी जमतो. गोडा मसाला मी नगरहून आणलाच होता. वांगी, मटार होते. तांदूळ शोधले तर ओट्यावर, शेगडीच्या शेजारीच, पितळेचा डबा सापडला.

झाकण उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. तांदूळ कसले, सगळी भेसळ. जाडे, बारीक, तुकडा, उकडा, पिवळे, पांढरे, सगळे एकत्र. दिसत नाही म्हणून दुकानदार या बाईला सर्रास फसवतो आहे! मनात म्हटलं, हिला इथे एक दिवसही ठेवण्यात अर्थ नाही. त्याच तिरमिरीत मी सगळा डबा उपडा करून तांदूळ धुतले. काशीकरांकडेही द्यावा, वरच्या भाडेकरूंनाही द्यावा, म्हणून मोठं पातेलं चढवलं.

भात व्हायचा तसाच झाला. बारीक तांदळाचा लगदा आणि जाडा अजून दाताखाली कचकच. पण वास मंगलच्या हातचा होता. ताई आणि वहिनी दारातून आत आल्या त्या वास घेतच.

"काय केलं रे?" ताईचा चेहरा उजळला होता.

"मसालेभात. हात धू आणि बस."

"हव. मूठ काढली काय?"

"कसली मूठ?"

ताई ओट्याशी गेली. हात सराईतपणे पितळी डब्यावर गेला. तिने तो उचलला आणि तो किती हलका आहे हे तिच्या हाताला कळलं, तशी ती तिथेच थांबली. वहिनींनी डब्यात डोकावून तोंडावर पदर घेतला.

मग मला सांगण्यात आलं. ताईच्या मंडळीत घरोघरी ही रीत आहे. भात लावायच्या आधी धुवायच्या तांदळातून एक मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. रविवारी सगळ्यांचे डबे चर्चमध्ये एकत्र होतात आणि ज्या घरी गरज असेल तिथे ते तांदूळ जातात. आमच्याकडे नगरला दानपेटी फिरते, पैसे टाकले की काम झालं. इथे दिवसातून दोनदा, हात ओला व्हायच्या आधी, चूल पेटायच्या आधी. "छेरछेऱ्याच्या सणाले इथं पोट्टे दारोदार धान मागत फिरते न," वहिनी म्हणाल्या, "तसं ताईच्या घरी रोजच छेरछेरा आहे."

"पण ते तांदूळ इतक्या जातींचे का?"

वहिनी जरा संकोचल्या. "माझी बी मूठ असते त्यात. वरच्या सूनबाईची बी. रोज येतो तं टाकतो. मी ताईले म्हटलं, तुमच्या देवाले चालन काय? ताई म्हणे, त्याले विचारते. मग म्हणे, चालते."

म्हणजे मी दुकानदाराला शिव्या देत देत अख्ख्या गल्लीने देवाला दिलेले तांदूळ शिजवून टाकले होते, वांगी घालून. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मी आत्ता जाऊन आणतो," मी म्हटलं, "डबाभर, चांगले बारीक, एक नंबर."

"ते किलोचे तांदूळ होतील रे," ताई म्हणाली. "मुठीचे नाई. देवाले तांदळाची काय कमी आहे? आठवण मले ठेवाची असते." आणि मग तिला एकदम हसू फुटलं. ती ओट्याला धरून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "प्रभू, माझ्या भावानं तुझं सगळं शिजवलं रे! मीठ तरी घातलं काय?"

या आठवड्याचे तांदूळ बीरगावला दुलारीकडे जायचे होते. दुलारी त्यांच्या मंडळीतली, तिचा नवरा तिकडच्या कारखान्यात कामाला. मोटारसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला होता, म्हणून घरी बसून होता. ताई म्हणाली, "उद्या तिच्या घरी तांदूळ जाणार होते. आज भात जाईन. बांध पातेलं."

ऑटोत मी, ताई आणि आमच्यामध्ये फडक्यात बांधलेलं गरम पातेलं, असे आम्ही निघालो. शहर मागे पडलं तशी ट्रकांची रांग आणि चिमण्यांचा धूर सुरू झाला. रस्त्याकडेची झाडं पानापानावर काळी झालेली. दुलारीची खोली एका लांब चाळीच्या टोकाला होती. चटईवर प्लास्टरातला पाय लांब करून नवरा बसला होता. तिशीची दुलारी ओल्या लाकडांची चूल फुंकत होती.

"दाई! आज तो सनीच्चर हे, कइसे आ गे?" तिने ताईला धरून आत घेतलं. आईला तिकडे दाई म्हणतात. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

"मोर भाई ए," ताई छत्तीसगढीत म्हणाली. "नगर ले आय हे."

"दाई के भाई? तब तो मोर ममा होइस!" असं म्हणून ती माझ्या पाया पडली. मी गडबडलो. मला मामा म्हणणारं जगात कोणी नव्हतं, ताईला मूल नसल्यामुळे. आणि इथे धुराने भरलेल्या खोलीत एका वाक्यात मी मामा झालो.

ताईने माझा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. नवरा प्लास्टरसकट हसला. दुलारीने पातेल्याचं झाकण काढलं, ताटल्या मांडल्या, आणि वाढायच्या आधी तिचा हात सवयीने पातेल्यात गेला. मूठ भरून तिने भात काढला आणि कोपऱ्यातल्या छोट्या डब्याकडे वळली. तेव्हा मला कळलं की तिच्याकडेही मुठीचा डबा आहे. ज्या घरी तांदूळ जातात त्या घरातूनही मूठ निघते.

पण शिजलेला भात डब्यात कसा ठेवणार? ती क्षणभर तशीच उभी राहिली, मुठीतून वाफ येत होती. मग माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ए भात इतवार तक नइ रहय, ममा. आज के मुठा तुमन झोंक लव."

झोंक लव म्हणजे घ्या, पदरात घ्या. मी हात पुढे केला. तिने देवाची मूठ माझ्या हातावर ठेवली. मी उभ्या उभ्याच खाल्ली. मंगलच्या चवीचा भात, अर्धा कच्चा, अर्धा लगदा. मीठ कमी होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी धुराकडे तोंड केलं, म्हणजे कोणाला शंका नको.

फलाट

सोमवारी सकाळी मी उठलो तर ओट्यावर ठेठरी-खुरमीचा, म्हणजे तिकडच्या तिखट-गोड फराळाचा, डबा भरून तयार होता, नवी शाल घडी करून माझ्या बॅगेवर ठेवली होती, आणि ताईची बॅग माळ्यावरच होती.

"मी नाई येत, विजू."

"त्याने सांगितलं तसं?"

"तो काई बोलला नाई. पण मी विचारू की जाऊ काय, अन् दार वाजे. कधी वहिनी वाचाले येई, कधी वरची पोट्टी मूठ टाकाले. मी पुन्हा विचारू, पुन्हा दार वाजे. इतक्यांदा दार वाजल्यावर मी काय समजू?"

"आणि माझं दार?" मी एकदम ओरडलोच. "माझं दार कोण वाजवतं, ताई?"

बोलून गेलो आणि मलाच ऐकू आलं. मी तिला आधार द्यायला आलो आहे असं सगळ्यांना सांगत होतो, गवंड्यालासुद्धा. खरं तर मला आधार हवा होता. रात्री घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू यावा एवढंच मला हवं होतं. ताईने माझा चेहरा दोन्ही हातांत घेतला, पहिल्या दिवशी चाचपला होता तसा.

"माहीत आहे मले. तिकीट काढलं तेव्हाच समजलं. रोज नाव घेते न रे मी तुझं."

"नाव घेऊन काय होतं?" मी म्हटलं. कडू बोललो, पण तेव्हा तसंच वाटत होतं.

तिने फराळाचा डबा माझ्या बॅगेत कोंबला. स्टेशनवर वहिनींचा हात धरून आली, बॅग मावावी म्हणून प्रार्थना केली, आणि गाडी हलायच्या वेळी खिडकीतून एक झाकणाचा रिकामा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. शाल मी वहिनींच्या खांद्यावर टाकून आलो होतो, ताईला द्या म्हणून. समोरच्या रिकाम्या बर्थवर नागपूरपर्यंत कोणी आलं नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

नगर

तो रिकामा डबा मी फडताळात वर ठेवून दिला. मागच्या खोलीला अजून रंगाचा वास होता. दार लावून घेतलं.

आल्यानंतर आठवडाभराने असेल, मी सकाळी आंघोळ करत होतो. डोळ्यांत साबण, पायाखाली साबणाचं पाणी आणि ती माझी चकचकीत फरशी. उजवा पाय गेला तो गेलाच. डोकं मागच्या नळाच्या दिशेने गेलेलं मला कळलं. आणि हात आपोआप भिंतीकडे जाऊन कठड्यावर पडला.

कठडा हलला नाही. मी त्याला लोंबकळत राहिलो, एक पाय पुढे, एक मागे, साठी उलटलेला टकला माणूस, अंगभर साबण. मग हळूहळू उभा राहिलो. बाहेर कोणीही नव्हतं. पडलो असतो तर दूधवाला येईपर्यंत कोणाला कळलं नसतं.

कठडा मीच बसवून घेतला होता आणि गवंडी कामाला चोख होता, हे मला माहीत आहे. मंगलचं जे झालं त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, हेही खरं आहे. पण तो कठडा मी ताईसाठी बसवला, तिला आणायला आठशे-हजार किलोमीटर गेलो, ती आली नाही, आणि निवणाऱ्या वरणासमोर बसून तिने मात्र माझ्या पायासाठी मागितलं. धरून ठेव त्याले, म्हणाली होती. मी पापडाकडे बघत होतो.

कठडा सोडायची मला हिंमत होत नव्हती. टॉवेल समोर खुंटीवर, चार पावलांवर, आणि मध्ये सगळी ओली फरशी. मी तिथेच उभा राहून मोठ्याने म्हणालो, "बापा, टॉवेलपर्यंत नीट जाऊ दे."

मंगल गेल्यानंतर मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. गेलो नीट. अंग पुसलं, कपडे केले, आणि दुपारी भात लावायच्या आधी फडताळातून ताईचा डबा खाली काढला.